पत्त्याचा रकाना

"ताई, हा बॅग कुठे ठेवतो?"

हस्तलिखिताची एकशे साठ पानं वाचून झाल्यावर तिने विचारलेला हा पहिला प्रश्न. मला वाटलं होतं, ती भाषेबद्दल बोलेल, शेवटाबद्दल बोलेल, निदान काही प्रसंग वाचवले नाहीत असं तरी म्हणेल. ती पानं उलटत मागे गेली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथे तो मैदानावर फुटबॉल खेळतोय. चांगला दीड तास. मग बॅग कुठे आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कुमारवयाच्या वाचकांसाठी कादंबरी लिहीत होते. सोळा वर्षांचा, घर नसलेला मुलगा. त्यात पाऊस होता, बागेतलं बाकडं होतं, बॅटरीचा झोत टाकत येणारा पहारेकरी होता, भूक होती. बॅग पहिल्या प्रकरणात, घरातून निघताना, त्याच्या पाठीवर होती आणि मग मी तिला विसरून गेले होते. चौथ्या प्रकरणात ती पुन्हा एकदा आली, कारण मला तिच्यातून एक फोटो बाहेर काढायचा होता.

ती स्वतः सोळाव्या वर्षापासून सव्वा वर्ष घराशिवाय राहिलेली आहे. आता तिशी उलटली आहे, नोकरी आहे, भाड्याची का होईना राहायला जागा आहे. ती हे कुणाला सांगत नाही. इथे एवढं लिहायला तिने हो म्हटलं आहे, म्हणून एवढंच लिहिते.

"फुटबॉल तो खेळणारच नाही," ती म्हणाली. "कितीही आवडत असला तरी. खेळायचं म्हणजे बॅग कुणाच्या तरी भरवशावर टाकायची. कुणीतरी सहज उचलणार आणि म्हणणार, अरे, एवढी जड कशी? वह्यांच्या खाली कपडे आहेत हे एकाला जरी दिसलं ना, की संपलं."

मग माझ्याच हस्तलिखिताच्या कोऱ्या पाठीवर तिने ती बॅग काढून दाखवली. चौकोन, त्याचे कप्पे, कशात काय. पहिली गोष्ट म्हणजे बॅग शाळेचीच हवी. प्रवासाची बॅग घेऊन रोज हिंडणाऱ्या पोराकडे लोक बघतात, शाळेच्या सॅककडे कुणी बघत नाही. म्हणजे सगळा संसार सॅकमध्ये मावला पाहिजे आणि वर सॅक नेहमीइतकीच फुगलेली दिसली पाहिजे. टॉवेल अर्धा कापलेला. अख्खा टॉवेल वाळत नाही, ओला टॉवेल बंद बॅगेत कुबट होतो, आणि वास हा सगळ्यात मोठा चुगलखोर. साबण कोरडा झाल्याशिवाय डबीत टाकायचा नाही. चार्जर सगळ्यात बाहेरच्या कप्प्यात, कारण जिथे प्लगची जागा दिसेल तिथे हातात दोन-चार मिनिटंच असतात, आत शोधत बसता येत नाही. जन्माचा दाखला, गुणपत्रिका आणि असले कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाठीला लागून असलेल्या कप्प्यात, सपाट. तिथे पाऊस सहसा पोचत नाही आणि कुणी मागून ब्लेड मारलं तरी कागद वाचतात. मोज्यांचे दोन जोड. एक पायात, एक वाळत. ओल्या मोज्यांवर तीन-चार दिवस काढले की तळव्याची कातडी पांढरी पडून सुटायला लागते, मग चालवत नाही. आणि दिवसभर चालणं हेच तर असतं.

"आणि चेन," ती म्हणाली. "रात्री दुसऱ्याच्या घरी झोपताना बॅगेची चेन उघडीच ठेवायची. पहाटे ओढली तर आवाज होतो."

मी ते वाक्य त्याच पानावर लिहून घेतलं. एकशे साठ पानांत मी लिहिलेलं एकही वाक्य त्याच्या जवळपास जाणारं नव्हतं.

आपल्याकडे म्हणतात, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. सारख्या बदल्या होणाऱ्या माणसाबद्दल हसत हसत म्हणतात. माझ्या दुसऱ्या प्रकरणाचं नाव मी तेच ठेवलं होतं आणि मला ते फार छान सुचलं असं वाटत होतं. त्या दिवशी घरी आल्यावर ते खोडलं. विंचवाला आपलं बिऱ्हाड कुणापासून लपवावं लागत नाही. माझ्या मुलाला लपवावं लागत होतं. घर नाही ही त्याची अडचण होती, पण सकाळपासून रात्रीपर्यंत तो जे राबत होता ते घर आहे असं दाखवण्यासाठी. मी त्याच्या अडचणीवर एकशे साठ पानं लिहिली होती आणि तो राबत होता त्यावर एकही नाही.

तिचा दुसरा आक्षेप बाकड्यावर होता. "इतक्या लवकर बाकड्यावर कसा गेला?" माझा मुलगा पहिल्या प्रकरणात घर सोडतो आणि दुसऱ्यात बागेत झोपतो. तिच्या सव्वा वर्षात उघड्यावर काढलेल्या रात्री दोन. त्याही आठव्या महिन्यात. बाकी सगळ्या रात्री कुणाच्या ना कुणाच्या छताखाली. मैत्रीण, दुसरी मैत्रीण, दूरची आत्या, एका इमारतीत गच्चीच्या बंद दाराबाहेरचा जिन्याचा तुकडा, परत मैत्रीण. वहीच्या मागच्या पानावर तिने यादी ठेवली होती. कुणाकडे, किती रात्री, शेवटचं कधी. एका घरी सलग दोनच रात्री. त्याच घरी पुन्हा जायचं तर मध्ये किमान तीन आठवडे. उसनवारीची वही ठेवावी तशी ती वही. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, ही म्हण तिने कुठे ऐकलेली नव्हती. मी सांगितल्यावर म्हणाली, "म्हणजे हे सगळ्यांना माहीत असतं तर."

त्या घरांमध्ये वागायचे नियम तिने मला सांगितले तेव्हा मी आधी लिहून घेत होते, नंतर पेन खाली ठेवलं. अंघोळीला पाणी कमी आणि वेळ त्याहून कमी. जेवताना दुसऱ्यांदा घ्यायचं नाही, पण अगदीच कमीही नाही, नाहीतर आईचं लक्ष जातं. मदत करायची, भांडी आवरायची, पण फार नाही. फार मदत करणाऱ्या मुलीबद्दल मोठ्या माणसांना प्रश्न पडतात. घरातले सगळे झोपेपर्यंत झोपायचं नाही, कारण रात्री कुजबुज होते ती आपल्याबद्दल असते आणि ती ऐकलेली बरी. सकाळी सगळ्यांच्या आधी उठायचं. अंथरुणाची घडी इतकी नीट करून ठेवायची की इथे रात्री कुणी झोपलं होतं याची खूणही राहू नये.

मला हे ऐकताना झोपेचा हिशेब सुचला. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. तिची रात्र दोन्ही टोकांनी कापलेली होती. साडेबारा ते पाच. उरलेली झोप ती वर्गात काढायची, तिसऱ्या तासाला, आणि तिच्या प्रगतिपुस्तकावर 'लक्ष नाही' असा शेरा होता. शेरा खोटा नव्हताच.

या सगळ्याला कायद्याच्या भाषेत काय म्हणतात ते मी नंतर शोधत बसले. अमेरिकेत १९८७ साली बेघर लोकांच्या मदतीसाठी एक कायदा झाला, मॅकिनी-व्हेंटो या नावाने तो ओळखला जातो. त्यात बेघर कोण याची व्याख्या आहे. रात्री राहायला ज्याच्याकडे ठरलेली, नेहमीची आणि पुरेशी जागा नाही तो. तीन विशेषणं, आणि तिन्ही असली पाहिजेत. एक जरी नसलं तरी मूल बेघर. शाळांपुरती ही व्याख्या आणखी उलगडून सांगितली आहे. घर गेल्यामुळे किंवा पैशांच्या अडचणीमुळे दुसऱ्यांच्या घरात दाटीवाटीने राहणारी मुलं त्यात येतात. मोटेलमध्ये, गाडीत, बसस्थानकात, पडक्या इमारतीत राहणारीही येतात. मी त्या तीन शब्दांवर बराच वेळ थांबले. तिच्याकडे रात्रीची जागा जवळजवळ रोज होती. पुरेशीही असायची कधीकधी, एका मैत्रिणीकडे तर वेगळी खोली होती. फक्त ठरलेली नव्हती, नेहमीची नव्हती.

त्याच देशातल्या शाळांनी बेघर म्हणून नोंदवलेल्या विद्यार्थ्यांमध्ये साधारण तीन चतुर्थांश मुलं अशी दुसऱ्यांच्या घरात राहणारी असतात. उघड्यावर किंवा गाडीत झोपणारी त्या मानाने फार थोडी. शिकागो विद्यापीठातल्या चॅपिन हॉल या संशोधन केंद्राने २०१७ मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार १३ ते १७ वयाच्या दर ३० मुलांमध्ये निदान एकाने वर्षभरात कधी ना कधी आईवडिलांशिवाय, घराशिवाय दिवस काढले होते. १८ ते २५ वयात दर दहांमध्ये एकाने. आणि हे फक्त मोठ्या शहरांतलं चित्र नव्हतं, ग्रामीण भागातही प्रमाण जवळपास तेवढंच होतं.

तीस म्हणजे एक वर्ग. माझ्या डोक्यात हा आकडा असा उतरला: तीस बाकं, तीस सॅक, त्यातली एक नेहमीपेक्षा जरा जड.

बाकड्यावरचा मुलगा लिहिण्यात काय चूक झाली होती तेही मला तेव्हाच कळलं. बाकड्यावर झोपलेलं मूल सगळ्यांना दिसतं. ते दिसतं म्हणून लेखकाला सोपं जातं, चित्रपटाला सोपं जातं, दया करणाऱ्याला तर फारच सोपं जातं. माझी कादंबरी वाचून चौदा वर्षांच्या एखाद्या मुलीने पुस्तक मिटलं असतं आणि मनात म्हटलं असतं, बरं झालं, आमच्या वर्गात असं कुणी नाही. आणि तिच्याच शेजारी बसणाऱ्या मुलाने, ज्याची बॅग जड आहे, वाचलं असतं तर त्याला वाटलं असतं की मी काही बेघर नाही, मी काय बागेत झोपतो थोडाच. पहिलं होणं वाईटच. दुसरं झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०१७ मध्ये याच विषयावर एक सविस्तर भाष्य प्रसिद्ध केलं. १९८९ च्या बालहक्क करारावरचं हे त्यांचं एकविसावं सर्वसाधारण भाष्य. त्यात 'रस्त्यावरची मुलं' हा शब्दप्रयोग टाळून 'रस्त्याच्या परिस्थितीत असलेली मुलं' असा शब्द घेतला आहे. मराठीत तो अवघडच वाटतो, तोंडात बसत नाही. पण त्यामागचं कारण मला पटलं. मूल रस्त्याचं नसतं. ते आत्ता ज्या परिस्थितीत आहे ती रस्त्याची आहे. माझ्या मसुद्यात पहारेकरी त्याला 'रस्त्यावरचं पोर' म्हणतो, आणि तेवढ्यापुरतं ते ठीक होतं, पहारेकरी तसंच बोलेल. निवेदकानेही त्याला दोनदा तसंच म्हटलं होतं. ते दोन्ही ठिकाणी खोडलं.

आता पत्त्याच्या रकान्याबद्दल. माझ्या मसुद्यातला मला सगळ्यात आवडलेला प्रसंग तो होता. शाळेत एक फॉर्म भरायचा असतो, मुलगा नाव लिहितो, जन्मतारीख लिहितो आणि 'राहण्याचा पत्ता' या रकान्यापाशी त्याचं पेन थांबतं. कागदावर पाण्याचा थेंब पडतो, शाई पसरते. मी तो प्रसंग तीन वेळा लिहिला होता. वाचून दाखवताना माझा स्वतःचा आवाज भरून आला होता.

"रडत नाही," ती म्हणाली. "थांबतही नाही. जुना पत्ता पाठ असतो. तो झरझर लिहायचा, इमारतीच्या नावासकट, पिनकोडसकट. थांबलं की समोरचा वर बघतो."

मग जरा वेळाने म्हणाली, "भीती नंतर वाटते. त्या पत्त्यावर शाळेने पत्र पाठवलं तर."

मॅकिनी-व्हेंटोमध्ये नेमकं याबद्दल कलम आहे, आणि त्याच्यासाठी मला तो कायदा मनापासून आवडतो. बेघर मूल शाळेत आलं की त्याला लगेच दाखल करून घ्यायचं. राहत्या जागेचा पुरावा नसला, आधीच्या शाळेचे कागद नसले, लसीकरणाची नोंद नसली तरीही आधी प्रवेश, कागद मागून. घर सुटण्याआधी ते ज्या शाळेत होतं तिथेच राहायचं असेल तर तो हक्क, आणि तिथे नेण्या-आणण्याची सोयही करायची. प्रत्येक शालेय विभागात या मुलांसाठी एक माणूस नेमायचा. कायदे सगळीकडे पाळले जातात असं नाही, तिथेही जात नाहीत. पण कुठल्यातरी खोलीत बसून मसुदा तयार करणाऱ्या कुणीतरी त्या रकान्याचा विचार केला. पेन थांबलेल्या मुलाचा नाही, झरझर खोटा पत्ता लिहून मग पत्राला घाबरणाऱ्या मुलाचा. शाळा कायमची सुटली की काय होतं तेही त्या २०१७ च्या पाहणीत आहे. शालान्त शिक्षण पूर्ण न झालेल्या तरुणांना बेघर होण्याचा धोका इतरांपेक्षा ३४६ टक्के जास्त होता. तिने सव्वा वर्षात शाळा सोडली नाही. कारण विचारलं तर म्हणाली, तिथे दिवसा छप्पर होतं, पाण्याचा नळ होता आणि कुणी विचारत नव्हतं की इथे कशाला आलीस.

माझा मुलगा घर का सोडतो, यावर मात्र आम्ही भांडलो. माझ्या मसुद्यात सावत्र बाप एका रात्री हात उगारतो आणि तो पावसात निघून जातो. एक रात्र, एक थप्पड, एक दार. तिचं म्हणणं, दार असं एका रात्रीत लागत नाही. आधी तुझ्या कपड्यांची जागा जाते, कपाटातून खुर्चीवर, खुर्चीवरून पिशवीत. मग जेवायला बोलावणं थांबतं, तुला ऐकू आलं असेलच असं धरून चालतात. मग तू उशिरा यायला लागतेस आणि कुणी विचारत नाही. मग एक दिवस तू येत नाहीस, आणि त्याबद्दलही कुणी विचारत नाही. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, ही म्हण मी तिला सांगितली नाही. तिच्या आयुष्यात मला आणखी एक म्हण घुसवायची नव्हती. पण मला तेव्हा ती पहिल्यांदा अक्षरशः दिसली: एकेक वासा, वेगवेगळ्या दिवशी, हळूच तोंड फिरवणारा.

माझं म्हणणं असं की एका रात्रीत निघणारीही असतात. असतातच. मारहाण, नको तो स्पर्श, मला मुलगे आवडतात म्हणाला म्हणून त्याच रात्री बाहेर काढलेला मुलगा. समलिंगी आणि ट्रान्स तरुणांना हा धोका इतरांच्या दुपटीहून जास्त असल्याचं त्याच पाहणीत नोंदलं आहे. आणि अशीही असतात की ज्यांनी घर सोडलेलंच नसतं. घरच गेलेलं असतं, आईबापांसकट. काही निवारागृहांत तर वयात आलेल्या मुलाला आई आणि लहान बहिणींबरोबर राहू देत नसत, म्हणजे छप्पर मिळालं की कुटुंब सुटणार. तिने हे सगळं मान्य केलं. पण म्हणाली, "तू थप्पड लिहिलीस ती सोपी म्हणून."

ते खरं होतं. थप्पड लिहिली की वाचकाला दोषी कळतो आणि पुढे जाता येतं.

रॉबर्ट स्विंडेल्स यांची 'स्टोन कोल्ड' मी या काळात पुन्हा वाचली. १९९३ ची इंग्रजी किशोर कादंबरी, तिला मुलांच्या पुस्तकांसाठीचं त्या वर्षीचं कार्नेगी पदक मिळालं. त्यातलाही मुलगा सोळा वर्षांचा, सावत्र बापामुळे घराबाहेर पडलेला, लंडनच्या रस्त्यावर स्वतःला नवं नाव घेऊन जगणारा. त्याआधी पाच वर्षं, १९८८ मध्ये, ब्रिटनने सोळा-सतरा वर्षांच्या बहुतेक मुलांचा सरकारी आर्थिक आधाराचा हक्क काढून घेतला होता. तो संदर्भ डोक्यात ठेवून वाचलं की पुस्तक वेगळं दिसतं. त्यात बेघर मुलांना मारणाऱ्या एका खुन्याचं समांतर कथानक आहे, आणि पहिल्या वाचनात मी त्याच्या मागे पळत पानं उलटली होती. या खेपेला मला त्या खुन्याचं काही वाटलं नाही. मुलाच्या पायाखालची एकेक पायरी कशी निसटत जाते, ती पानं वाचताना मात्र पोटात खड्डा पडला. खुनी पकडता येतो.

ब्रिटनमधलाच एक खटला आहे. सतरा वर्षांचा मुलगा, आईने घरात घ्यायला नकार दिलेला, मित्रांकडे रात्री काढणारा. लंडनच्या साउथवर्क विभागाच्या बालसेवा खात्याकडे तो मदत मागायला गेला. खात्याचं म्हणणं पडलं की याला फक्त राहायला जागा हवी आहे, तेव्हा याने बेघरांच्या खात्याकडे जावं, त्याची काळजी घेणं हे आमचं काम नाही. प्रकरण वर वर जात हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचलं (तेव्हा तिथलं सर्वोच्च न्यायालयही तेच होतं) आणि २००९ मध्ये निकाल मुलाच्या बाजूने लागला. १९८९ च्या तिथल्या बालक कायद्यानुसार असा मुलगा हा आधी मूल आहे, त्याची जबाबदारी बालसेवा खात्याची, त्याला नुसती खोली दाखवून मोकळं होता येणार नाही. निकाल येईपर्यंत तो स्वतः अठरा ओलांडून गेला होता. कागदपत्रांत त्याचं नाव नाही, नावाच्या जागी एक अक्षर आहे. जी.

मी तिला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, "म्हणजे त्याने जाऊन मागितलं?"

"हो."

"सतराव्या वर्षी?"

तिला कुणाकडे जाऊन मागायचं असतं हेच माहीत नव्हतं. माहीत असतं तरी ती गेली नसती, असंही ती म्हणाली, कारण गेलं की ते घरी कळवतात असं तिला वाटत होतं. माझ्या कादंबरीत पोलीस, बालकल्याण समिती, निवारागृह यांपैकी कुणीही नव्हतं. मी ते मुद्दामच गाळलं होतं, कंटाळवाणं होईल म्हणून. आता त्यातलं एक प्रकरण आहे. मुलगा एका कार्यालयाच्या दारापर्यंत जातो, काचेतून आतल्या खुर्च्या मोजतो, आत बसलेल्या बाईंचा चेहरा बघतो आणि परत फिरतो. दोन पानं. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटतात, आणि माझ्या संपादकांना वाटत नाहीत. आमचं बोलणं चालू आहे.

राहिला शेवट. पहिल्या मसुद्यात एक शिक्षिका आहेत. त्यांना संशय येतो, त्या एका संध्याकाळी त्याच्या मागोमाग जातात, त्याला शोधून काढतात आणि घरी आणतात. दार उघडतं, आत उजेड असतो, पुस्तक संपतं. लिहून झालं त्या रात्री मी शांत झोपले होते.

"बाईंकडे तो किती दिवस राहतो?" तिने विचारलं.

मी म्हटलं, ते पुस्तकानंतरचं आहे.

"नाही ताई," ती म्हणाली. "तेच पुस्तक आहे."

तिला बाईंबद्दल राग नव्हता. तिच्याही आयुष्यात अशी एक होती, शिक्षिका नव्हे, एका मैत्रिणीची मोठी बहीण. तिच्याकडे ती शेवटचे चार महिने राहिली आणि तिथूनच परीक्षा दिली. पण त्या घरी पहिले कित्येक आठवडे ती वहीच्या मागच्या पानावर रात्री मोजत होती. दोन झाल्या, तीन झाल्या, नऊ झाल्या. उद्या सांगतील, परवा सांगतील. कुणी चांगलं वागलं की मोजणं थांबत नाही, उलट वाढतं, कारण आता गमवायला काहीतरी आहे. हे तिने सांगितलं नसतं तर मला कधीच सुचलं नसतं. मी उजेडाच्या दारात पुस्तक संपवून त्या मुलाला त्याच्या सगळ्यात अवघड रात्रीच्या तोंडाशी एकटं सोडून आले होते.

म्हणून आता शेवटची तीन प्रकरणं त्या घरातली आहेत. त्यात काही घडत नाही. बाई त्याला एक कप्पा रिकामा करून देतात, तो त्यात काही ठेवत नाही. किल्ली देतात, तो बेल वाजवतो. एकदा त्याच्याकडून एक कप फुटतो आणि तो तुकडे गोळा करून सॅकमध्ये घालून बाहेर नेऊन टाकतो. बाईंना ते कळतं, आणि त्या काय करतात हे मी चार प्रकारे लिहून पाहिलं. शेवटी त्या काहीच बोलत नाहीत असं ठेवलं, आणि तरी मला खात्री नाही. कदाचित बोलायला हवं.

अठराचा प्रश्नही आहेच. माझा मुलगा शेवटच्या प्रकरणात साडेसतराचा आहे. अठरा पूर्ण झाले की कायद्याच्या नजरेत तो मूल राहत नाही. बहुतेक देशांत संस्थेत वाढलेल्या मुलांना त्या वाढदिवसाची भीती असते. पुढे काही वर्षं आधार देण्याची तरतूद काही ठिकाणी आहे, पण ती मिळवावी लागते. त्या वाढदिवसाबद्दल मी लिहिलेलं नाही. तो दुसऱ्या पुस्तकाचा विषय आहे, आणि ते मी लिहायला हवं की तिने, हे अजून ठरलेलं नाही. मी तिला एकदा विचारलं होतं. तिने विषय बदलला.

मागच्या महिन्यात तिला नवी पानं दिली. तिने फक्त एका जागी पेन्सिलने खूण केली. मी लिहिलं होतं की बाईंच्या घरी सातव्या रात्री त्याला पहिल्यांदा गाढ झोप लागते आणि सकाळी ऊन अंगावर येईपर्यंत तो उठत नाही. त्या ओळीखाली तिने लिहिलं: पाचला जाग येतेच.

ते मी बदललं. आता त्याला पाचला जाग येते. बाहेर अंधार आहे. आतल्या खोलीतून बाईंच्या घोरण्याचा बारीक आवाज येतोय. तो उठतो, चादर झटकतो, अंथरुणाची घडी घालतो, कोपऱ्याला कोपरा लावून, आवाज न करता. घडी भिंतीशी ठेवतो. मग त्याच्या लक्षात येतं की आज रविवार आहे, आज कुठे जायचं नाही, आणि बाई सातच्या आत उठत नाहीत. एरवी याच वेळेला तो दार ओढून घेऊन बाहेर पडलेला असायचा. आता या दोन तासांचं काय करायचं ते त्याला माहीत नाही. तो घडीवर बसतो. सॅक मांडीवर घेतो. चेन उघडीच आहे.

त्याला मी सध्या तिथेच बसवून ठेवलं आहे. सात वाजायला अजून वेळ आहे.